समाधानी रुग्णाची दाढ

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
दंत दवाखाने (सुरक्षा व निगा) विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : दवाखान्याची वार्षिक तपासणी सात महिने अलीकडे घेणेबाबत (तीही रीतसर आगाऊ कळवूनच).

संदर्भ : १) आपले गेल्या सहा वर्षांचे अहवाल, शेरा "रुग्ण समाधानी".
२) अर्जदाराची डावीकडची, खालची, शेवटून दुसरी दाढ.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा सेवानिवृत्त ग्रंथपाल असून पत्नीच्या निधनानंतर लेक-जावयाकडे राहतो. जावई दातांचे डॉक्टर आहेत. दवाखाना खाली, बिऱ्हाड वर. आपण अर्जदारास ओळखत नाही, मात्र आपली सहा वेळा भेट झालेली आहे. तपासणीच्या दिवशी खुर्चीत आ वासून पडलेला जो रुग्ण आपण दर वर्षी पाहता, तो अर्जदारच.

१. ही नेमणूक अर्जदाराने मागितलेली नव्हती. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला माणूस घरात रिकामा बसून आहे, हे जावईबापूंच्या नजरेस आले, एवढेच. "बाबा, तुम्ही फक्त तोंड उघडून पडा, बाकी मी बघतो," असे ते म्हणाले. जावयाच्या घरचे खाणाऱ्याने तोंड उघडायला नाही कसे म्हणावे? दुसऱ्या वर्षी अर्जदाराने मिशी काढली, तिसऱ्या वर्षी चष्मा बदलला. पुढे तशी गरज नसल्याचे लक्षात आले, कारण आपण कागदावरून मान वर करत नाही. आपण दर वर्षी विचारता, "काही त्रास?" त्या वेळी अर्जदाराच्या तोंडात आरसा, नळी आणि जावईबापूंची दोन बोटे असतात. घशातून जो काही आवाज निघतो, त्याची नोंद आपण "समाधानी" अशी करता.

२. तपासणीच्या दिवशीच्या दवाखान्याबद्दल अर्जदाराची काडीइतकीही तक्रार नाही. हत्यारे सीलबंद पाकिटांतून निघतात. वाफेवर निर्जंतुक करण्याचे यंत्र घरघरत असते. मदतनीस बाई दर दहा मिनिटांनी हातमोजे बदलतात व जुने टाकताना आपल्याला दिसतील असे टाकतात. प्राणवायूचा सिलिंडर भिंतीशी शहाण्यासारखा उभा असतो. संध्याकाळी तो नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याला परत जातो. खऱ्या रुग्णांना मात्र त्या दिवशी आत घेत नाहीत, कारण त्यांच्यामुळे पसारा होतो.

३. अडचण उरलेल्या दिवसांची आहे. सदर दाढ ठणकू लागल्यावर लेकीने खालच्या वहीत मंगळवारची वेळ लिहिली. सहा वर्षांत प्रथमच अर्जदार साध्या दिवशी त्या खुर्चीत बसला. वाफेच्या यंत्रावर विणकामाचे कव्हर होते व त्यावर मदतनीस बाईंचा जेवणाचा डबा. आधीच्या गृहस्थाच्या तोंडातून निघालेला चिमटा नळाखाली जेमतेम भिजून अर्जदाराकडे वळला. जावईबापूंच्या हातात सकाळचेच मोजे होते. त्याच मोज्यांनी त्यांनी फोन घेतला आणि त्याच मोज्यांनी कान खाजवला. वर गॅस चालू राहिल्याचे सांगून अर्जदार उठला. शुक्रवारी पुन्हा गॅसच चालू राहिला. आता लेकीने अर्जदारास गॅसजवळ जाण्याचीच बंदी केली असून येत्या सोमवारची वेळ पक्की केली आहे.

४. दुसरा डॉक्टर गाठावा, असे आपण म्हणाल. अर्जदाराने तेही सुचवून पाहिले. लेक म्हणाली, "घरात डॉक्टर असताना तुम्ही बाहेर दाढ काढलीत, तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील." शिवाय बाहेरचा निवडायचा कसा? भिंतीवर प्रमाणपत्र पाहून दवाखान्यात जावे, असे आपल्याच विभागाचे पत्रक सांगते. सदर प्रमाणपत्र मिळवून देण्याचे काम अर्जदाराने सहा वर्षे केलेले असल्याने त्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

५. येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. समोरच्या शिंपीणबाईंनी मागच्या वर्षी विचारले, "काका, दात काढायला तुमच्या जावयांकडे जाऊ ना?" अर्जदार म्हणाला, "जा की, प्रमाणपत्र आहे." त्या गेल्या. महिनाभर गाल सुजलेला, अंगात ताप. शेवटी मोठ्या इस्पितळात जबड्याला चीर द्यावी लागली. तोवर अर्जदार त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगत होता. त्या अजूनही अर्जदाराला काका म्हणतात आणि तब्येत विचारतात. अर्जदाराला याची फार लाज वाटते.

६. सबब विनंती की, पुढची तपासणी येत्या सोमवारी घ्यावी. अचानक धाड मात्र कृपया घालू नये. धाड पडली तर दवाखान्याला टाळे लागेल, लेकीचा संसार उघड्यावर येईल आणि दाढ होती तिथेच राहील. नेहमीप्रमाणे आगाऊ कळवून यावे व दाढ मुळासकट बाहेर येईपर्यंत बसावे. आपणास सवड नसल्यास येऊ नये, नुसती नोटीस पाठवली तरी चालेल. यंत्र सुरू होते ते नोटिशीच्या धाकाने. आपल्या प्रत्यक्ष येण्याने त्यात काही भर पडते, असे अर्जदाराच्या पाहण्यात नाही. अशी नोटीस दर सोमवारी निघाली, तर खऱ्या रुग्णांनाही कधीतरी आत घ्यावेच लागेल.

७. हेही जमणारे नसल्यास एकच मार्ग उरतो. गेल्या तपासणीला आपलाच उजवा गाल सुजलेला होता. "उत्तम" असा शेरा मारून आपण पेन खिशाला लावले, तेव्हा जावईबापू म्हणाले, "साहेब, बसा ना, दोन मिनिटांत बघतो." अर्जदाराने लगबगीने खुर्ची रिकामी करून दिली. हत्यारे नुकत्याच फोडलेल्या पाकिटांतली, मोजे कोरे, वर्षातला एकमेव स्वच्छ दिवस. आपण गालावर हात ठेवून "नको नको, माझे डॉक्टर ठरलेले आहेत," असे म्हणालात आणि बुटाची नाडी न बांधताच बाहेर पडलात.

तरी आपल्या त्या ठरलेल्या डॉक्टरांचा पत्ता सोमवारच्या आत कळवण्याची कृपा व्हावी. त्यांच्या दवाखान्याची तपासणी कोणी केली, हे कळवण्याची आवश्यकता नाही.

आपला नम्र व सहा वर्षे समाधानी,

(सही)
डॉक्टरांचे सासरे

दिनांक : दाढ ठणकू लागल्यापासून विसावा दिवस