गायिकेच्या रकान्यातलं नाव

प्रिय अक्का,

आजच उमरीहून लातूरला परतले. तुझ्या पाळण्यांचं काम अखेर मार्गी लागलं. ते तुझ्याशिवाय सांगणार कुणाला? म्हणून हे पत्र.

नर्सची नोकरी करताना ज्या घरचं बाळंतपण करायचीस, त्याच घरच्या बारशाला जाऊन तू बायकांचे पाळणे रेकॉर्ड करायचीस. ते ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचं तेवढं तुझं राहून गेलं. मी हौसेनं अंगावर घेतलं आणि तुझ्या त्या जुन्या रेकॉर्डरनं मला घाम फोडला! त्याच्या फायली आताच्या मोबाइलवर वाजेनात. सगळ्या एकदम एमपीथ्री करून घ्याव्यात म्हणून नांदेडच्या एका दुकानात दिल्या. आवाज छान आला, पण नावं गायब. प्रत्येक फाइलीत तू बाळाचं नाव, गाव, गाणारीचं नाव भरलं होतंस ना? आता गायिकेच्या रकान्यात सगळीकडे दुकानाचं नाव. जणू ते दुकानच गावोगाव पाळणे म्हणत फिरलं होतं. दुकानदाराला मी मनसोक्त शिव्या घातल्या.

बरं, मूळ फायली तुझ्या लॅपटॉपवर होत्या. मग मीच बसले. गाण्यासोबतची माहितीही तशीच पुढे न्यायची असेल तर फायली बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी खूण करावी लागते, हे मला कोण सांगणार? खूण केली, तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली. दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, आधी एकच फाइल करून पाहिली, नाव नीट दिसलं, तेव्हा कुठं बाकीच्या लावल्या. माझ्यात चिकाटी नाही म्हणायचीस. आता बोल.

उमरीजवळच्या एका घरी मुलाच्या मोबाइलवर पाळणा टाकून दिला. दोन ओळी ऐकून तो म्हणाला, "हाव, आमची मायच हाय." मग स्क्रीनकडे बघत राहिला. "पन ताई, ही शांता कोन? मायचं नाव तर गंगूबाई हाय. दुरुस्त करून द्या की."

मला वाटलं, ड्युटीनं थकून तुझीच गल्लत झाली असेल. लॅपटॉप सोबत होता. मी नाव पुसायला घेतलं, तोच भिंतीला टेकून बसलेली त्याची आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. शांता मीच हाय."

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो.

"लग्नात बदललं नव्हं का नाव. सिस्टरनं इचारलं, कोणतं लिहू? म्हनलं, मायनं ठेवलेलं लिव्हा."

"मला कधी सांगितलं न्हाईस, माय."

"तू कधी इचारलास?"

अक्का, हे मला सांगून ठेवायला काय झालं होतं तुला? एसटीत बसल्या बसल्या मी तुझी सगळी यादी पुन्हा वाचून काढली. अशी किती नावं असतील त्यात? घरोघरच्या लोकांचं ऐकून मी ती चांगल्या मनानं दुरुस्त करत सुटले असते. मग त्या दुकानदारात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

घरी आल्यावर माझ्या लेकीच्या बारशाची फाइल शोधली. पाळणा मीच म्हटला होता, सासूबाईंच्या आग्रहानं. मला तू विचारलंही नव्हतंस. गायिका म्हणून सरळ माझं माहेरचं नाव लिहून मोकळी झालीस. या घरात मी वैशाली आहे. आधार कार्डावर, बँकेत, दारावरच्या पाटीवरही तीच. आई-बाबांच्या मागे मला त्या जुन्या नावानं हाक मारणारी तू एकटी होतीस. तू गेल्यापासून ती हाक ऐकली नाही. खूप रडले गं.

उद्या एमपीथ्रीही जुनं होईल, फायली पुन्हा बदलाव्या लागतील. तेव्हाही आधी एक करून बघेन, मगच बाकीच्या. एकाही बाईचं नाव वाटेत गळू देणार नाही आणि माझ्या शहाणपणानं सुधारणारही नाही. हा माझा शब्द.

तुझी,
कुसुम