फुलबागेच्या चौथ्या भिंतीबाबत

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

मी, शकुंतलाबाई, कै. गुंडेराव माने यांची पत्नी, वय ७८, शिक्षण मॅट्रिक, राहणार लष्कर मोहल्ला, म्हैसूर, देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही भिडेला न पडता हे लिहून ठेवते. हात थरथरतो, डोके नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते मुलगा साकेत याचे. त्याने राहावे किंवा विकावे. मात्र घराची मागची भिंत त्यातून वगळली आहे, आणि हे घेणाऱ्याला आधीच सांगावे.

२. ही भिंत म्हणजे मारुतीच्या जुन्या फुलबागेची चौथी बाजू. बाकीच्या तिन्ही ढासळल्या होत्या, आत नुसती घाणेरी माजलेली. नरसिंहमूर्ती मास्तर आणि मोहल्ल्यातली मंडळी दर रविवारी खपून त्या उभ्या करीत आहेत, जुन्यासारख्या चुन्यातच. आता देवाला बागेतली मल्लिगे, म्हणजे आपला मोगरा, जाते. माझी भिंत पडली तर बाग पुन्हा उघडी पडेल. म्हणून ती याच मंडळींच्या बागेच्या मंडळाला दिली आहे.

साकेत म्हणाला, "आई, भिंत सोडून घर कोण घेतंय? बिल्डरला मागं गाड्या लावायला जागा पाहिजे."

"गाड्या कुठंबी लागतील की रे. मारुतीनं फुलं कुठनं आणायची?"

त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही.

३. पाटल्या मुलगी वाणीला. या मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा. पोस्टातल्या पैशांतून दिवसकार्य साधे करावे, उरेल ते चुन्याला.

४. खुरपे आणि फुलांची परडी बागेत येणाऱ्या सुप्रीताला. ही पोरगी फुले खुडताना हुंगते. हुंगलेले फूल देवाला चालत नाही म्हटले तर, "अज्जी, सुम्ने एकच!" म्हणजे उगीच आपलं एकच, म्हणून हसते. पण चुना चाळायला तीच पहिली. परडी तिची, हुंगण्याला माफी नाही.

५. शेजारच्या तुंगाबाईंना काही नाही. त्यांनी बागेत टाकलेले खरकटे आम्ही उचलले, तेवढे पुरे.

६. साकेत, दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर दर्भाचा कावळा करू नको. "आई, भिंतीला हात लावणार नाही," एवढे मोठ्याने म्हण. शिवेल. मनात नसेल तर म्हणू नको. पिंड तसाच राहू दे.

सही : शकुंतलाबाई गुंडेराव माने

भिंत बागेला जाते, तेव्हा बागेत राबणाऱ्यांची साक्ष नको असे वकील म्हणाले, म्हणून साक्षीदार :
१. रघुनाथराव घोरपडे, शेजारी
२. डॉ. पूजिता, माझ्यावर औषधोपचार करणाऱ्या

म्हैसूर, ता. ९ फेब्रुवारी २०२६