वारुळांच्या माळावरची थोरली राणी

आदरणीय सेकुरू,

"या पोरीला खवले मांजराच्या मागे पाठवा, निदान त्याला तरी हिची वाट बघत थांबावं लागणार नाही." हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी नऊ वर्षांची होते, डोक्यावर बादली होती आणि विहिरीवरच्या सगळ्या बायका हसल्या होत्या. तुम्ही आईचे लाडके भाऊ, माझे सेकुरू, म्हणून तीही हसली. मी घरी पोचेपर्यंत रडले, आणि हळू चालत असल्यामुळे ते रडणं बराच वेळ चाललं. आज पंचेचाळिसाव्या वर्षी अभयारण्य मला नेमक्या त्याच कामाचा पगार देतं. तुमचे शब्द असे खरे होतात, म्हणून हे पत्र जपून लिहिते आहे.

तुम्ही बरे असाल तर मी बरी आहे. पण डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्ही अर्धेच बरे आहात असं कळलं, तेव्हा सध्या मीही अर्धीच बरी आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही आधी "नाही" म्हणता आणि मग "कोण बोलतंय" विचारता. म्हणून पत्र. पट्टी सुटेपर्यंत तुम्ही शहरात माइदेईकडे आहात, तीच वाचून दाखवेल. (माइदेई, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही, ते तुझ्यासाठी आहे. वडिलांनी विचारलं मध्येच का थांबलीस, तर खोकला आला म्हण.)

तर, चोरट्यांच्या पोत्यातून सोडवलेली आमची खवले मांजरी तुम्हाला ठाऊक आहे. अकरा महिने रोज दुपारी मी तिच्या मागे चालते. ती मुंग्या शोधते, मी तिला शोधते. पुढचे हात छातीशी धरून, मान खाली घालून ती मागच्या दोन पायांवर चालते, जशी चर्चमध्ये उशिरा पोचलेली म्हातारी. आता तिला मोकळं सोडायची वेळ आली होती. आमचा नियम असा, की घर तिचं तिनं निवडायचं. एका बिळात सात दिवस राहिली की ते तिचं. साहेबांनी तिच्यासाठी नदीकाठची सुरेख जागा ठरवली होती. (नकाशावर हिरवा गोलही काढला होता. तिला नकाशा दाखवायचा राहून गेला.)

मागच्या मंगळवारी हत्तींनी पाडलेल्या कुंपणातून ती बाहेर पडली आणि चालत चालत थेट तुमच्या अंगणात शिरली. तिला अडवायचं नाही, हाही नियमच. तिथे तुमच्या जागी मुखिया म्हणून माकुयाना न्यायनिवाडा करत बसले होते (तुमच्या खुर्चीत, हो), शेळ्यांनी मका खाल्ल्याचं भांडण होतं. तिला पाहताच भांडण तिथेच थांबलं. मुखियाच्या अंगणात खवले मांजर येणं म्हणजे केवढा मान, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वडिलांकडे एकदा आलं होतं आणि तुमच्याकडे बावीस वर्षांत एकदाही नाही, हे तुम्ही दर नाताळात सांगता. (आजोबांनी ते खाल्लं होतं, हे मात्र कधी सांगत नाहीत.) सगळं गाव जमिनीवर बसलं आणि ओंजळीनं हलक्या टाळ्या वाजवू लागलं; शेळीवाला आणि मक्यावाला मांडीला मांडी लावून. आमच्या खवल्यांच्या राणीसाहेबांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या स्वयंपाकघरापाशी गेल्या, अंबुया मामींनी आदल्या दिवशी सारवलेली भिंत नखांनी उकरली आणि जेवायला बसल्या.

तुमच्या अंबुया दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला, आणि आता थोरली राणी चालून आली. तीही चिलखत घालून."

तेव्हापासून गाव तिला थोरली राणीच म्हणतं.

मग माकुयानांनी टोपली मागवली. राणीला टोपलीत घालून बसनं तुमच्याकडे पोचवायचा त्यांचा बेत होता. मी सांगितलं की वाटेत पोलीस त्यांनाच टोपलीत घालतील. त्यांचं म्हणणं, मुखियाकडे खवले मांजर आणणाऱ्याला गाय मिळते ही जुनी रीत आहे आणि ती सगळ्यांत आधी त्यांनाच दिसली. यावर तासभर वाद झाला. शेळ्या तेवढ्यात परत मक्यात गेल्या. शेवटी अंबुयांनी भिंतीवरचा हात काढला आणि विचारलं, "आणली कुणी? स्वतःच्या पायांनी आली ना? मग गाय तिची."

पुन्हा टाळ्या झाल्या. आता गाय द्यायची मुखियानं, त्यामुळे शेवटचा शब्द तुमचा, असं ठरवून सगळे उठले. राणी तुमच्या धान्याच्या कोठीखाली झोपली आणि दुसऱ्या दिवशी तिनं एक जुनं बीळ गाठलं. आज सातवा दिवस.

अंबुया बऱ्या आहेत. भिंत बरी नाही. सोबत मोपानी झाडावरच्या भाजलेल्या अळ्यांचा पुडा आहे. डॉक्टरांच्या धाकानं तिखट कमी घातलंय. (खालच्या बाजूला तिखटाच्या आहेत.)

तुमची भाची,
न्याराद्झो

ता. क. राणीनं बीळ कुठे घेतलं ते राहिलंच. वारुळांच्या माळावर. हो, तुमच्याच, जो येत्या सोमवारी ट्रॅक्टर लावून तंबाखूसाठी नांगरायचा आहे. अभयारण्याची एवढी जमीन सोडून तिनं तोच निवडला, त्याला मी काय करू? सेकुरू, गायीचं ती काय करणार? गायीऐवजी तिला तो माळ द्या. नांगर फिरला तर ती पुन्हा चालायला लागेल, आणि पुढच्या अंगणात टाळ्या वाजतील की पोतं उघडेल, ते मला माहीत नाही. अकरा महिने मी तिच्या मागे चालले. त्या अंगणापर्यंत वेळेत पोचेन असं वाटत नाही.

ता. ता. क. रोपं तयार आहेत, ट्रॅक्टर ठरलाय, तुम्ही नाहीच म्हणणार. म्हणा. पण चिठ्ठीतून नको, फोनवर नको. (माइदेई, हे कंसात असलं तरी मोठ्यानं वाच. सेकुरू, मला ठाऊक आहे की तुम्ही जन्मात कुणाच्या मागे चालला नाहीत. गुडघे दुखतात, नवा डोळा अजून कोवळा आहे, तेव्हा हळूच चालाल. मीही हळूच चालते.) पट्टी सुटली की शनिवारी दुपारी माळावर या, आणि जे "नाही" म्हणायचं ते तिच्या मागे चालता चालता म्हणा.