स्टोक्स थिअरमला माझा जाहीर विरोध

६ एप्रिल
व्हेक्टर कॅल्क्युलसविरुद्ध आजपासून युद्ध. पहिल्या वर्षाच्या मॅथ्स-टूमध्ये दोनदा नापास होऊन बॅक लागली आणि दोन्ही वेळा याच युनिटनं दगा दिला. पेपर १९ मेला. या वेळी निघाला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. दुसरं वर्ष पुन्हा, तेही शर्मिष्ठाच्या वर्गात. माझी सख्खी धाकटी बहीण. याच कॉलेजात, याच ब्रँचला, पहिल्या वर्षाला. हा अपमान होऊ देणार नाही. रोज पाच तास.

७ एप्रिल
शत्रूला आधी ओळखलं पाहिजे. म्हणून गणितं केली नाहीत. लायब्ररीतून गणिताच्या इतिहासाचं जाड पुस्तक आणलं. एकशेदहा पानं एका बैठकीत. निष्कर्ष: ज्यांनी ही प्रमेयं शोधली त्यांनी ती सत्यासाठी शोधली, परीक्षेसाठी नव्हे. मुद्दा दमदार आहे. पुस्तक मिटलं.

१५ एप्रिल, सकाळी ६
तेलीबांधा तलावाला एक पूर्ण फेरी. शर्मिष्ठा सोबत. ती म्हणाली, दादा, जहाँ से चले वहीं आ गए, तो ग्रॅव्हिटी का काम ज़ीरो. मी बनियन पिळून दाखवला. हा घाम शून्याचा का? घाम तुझा, काम ग्रॅव्हिटीचं, म्हणे. मी शोषित आणि व्यवस्था यावर वीस मिनिटं बोललो. फिरायला आलेले दोन आजोबा थांबून ऐकत होते. एकानं मान डोलावली. गणित त्या दोघांनाही पटलं नसावं.

२ मे
पाच तासांचं वेळापत्रक अव्यवहार्य होतं. आता रोज दोन तास, पण पेटून. आज आंतरमहाविद्यालयीन वादविवाद असल्यामुळे उद्यापासून.

३ मे
वादविवादात पहिला. विषय ‘परीक्षा हव्यात का?’ मी अर्थात विरोधात. परीक्षक म्हणाले, असा आवाज रायपुरात दहा वर्षांत ऐकला नाही. बाबा रेल्वेत आहेत, त्यांचं बोलणं रेल्वेतलंच. म्हणाले, हॉर्न जोरात आहे बेटा, गाडी काहून हलून नाही राहिली?

१२ मे
कर्ल समजला! नदीत छोटं चाक सोडा. फिरलं तर कर्ल आहे. आईला स्वयंपाकघरात समजावलं. हात धुताना तिनं ऐकलं, म्हणाली, समजलं मले, आता एक गणित सोडवून दाखव. समजणं आणि सोडवणं यातला फरक आईला समजावण्यात वरण लागलं.

१८ मे
शर्मिष्ठानं सोडवलेली चाळीस गणितं पुढ्यात ठेवली. फक्त हे बघून जा, म्हणाली. उसन्या शस्त्रांनी मी लढत नाही. वही परत केली.

१९ मे
ऐतिहासिक दिवस. प्रश्न पाचवा: अमुक अर्धगोलासाठी स्टोक्स थिअरमची पडताळणी करा, आठ मार्क. कडेच्या वर्तुळावरचं इंटिग्रल केलं. मग पेन थांबला. जे प्रमेय दीडशे वर्षांहून जास्त काळ सिद्ध आहे, त्याची पडताळणी मी काहून करू? हा प्रमेयावर अविश्वास आहे. तसं लिहिलं. तीन पानं. पानं संपली, सप्लिमेंट मागितली. शेवटचं वाक्य असं उतरलं की स्वतःलाच शहारा आला.
घरी सांगितलं. आई म्हणाली, पेपर लिहाले गेल्ता का सभा घ्याले? शर्मिष्ठाचाही पेपर तोच होता. तिनं दुसऱ्या बाजूचंही इंटिग्रल केलं होतं. दोन्हीकडे सारखं उत्तर आलं, म्हणे. येणारच. मी तेच तर लिहिलं.

२८ जून
एकतीस. पासिंग पस्तीस. शर्मिष्ठा ब्याण्णव.
हा निकाल मी मानत नाही. उत्तरपुस्तिकेची कॉपी मागवणार. माझी तीन पानं वाचायची कोणाची हिंमत झाली नसणार.

१६ जुलै
कॉपी आली. मॅथ्सच्या मंदाकिनी मॅडमकडे घेऊन गेलो. इंटिग्रलला तीन मार्क, टिक मारलेली. तीन पानांवर वरपासून खालपर्यंत एक लाल रेघ. मॅडमनी मात्र तीनही पानं वाचली. म्हणाल्या, यज्ञेश्वर, भाषा फार सुंदर आहे. पण तुझं इंटिग्रल बरोबर होतं. याच्यापुढे सहा ओळी लिहिल्या असत्या तर उरलेले पाच मिळाले असते. छत्तीस.
मी म्हणालो, थोर प्रमेयांना परीक्षेत ओढणं हाच मूळ अन्याय आहे. त्या हसल्या. हे प्रमेय छापून पहिल्यांदा आलं तेच एका परीक्षेच्या पेपरात, बेटा.
लायब्ररीत जाऊन पाहिलं. पान एकशेबारा.

२० जुलै
वर्ष वाया गेलेलं नाही. अनुभवाचं वर्ष आहे. नव्या वर्गात नेतृत्वाची पोकळी असणार. पहिल्याच दिवशी उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. मसुदा तयार.

१ ऑगस्ट
आडनाव एकच, त्यामुळे रोल नंबर लागून. शर्मिष्ठा अठ्ठेचाळीस, मी एकोणपन्नास. तिच्या मैत्रिणींनी मला भैया म्हटलं, म्हणून अख्खा वर्ग भैया म्हणू लागला. तिनं शेजारी जागा धरून ठेवली होती. मी शेवटच्या बाकावर गेलो.
पहिला तास मंदाकिनी मॅडमचा. उजळणी म्हणून त्यांनी फळ्यावर एक इंटिग्रल लिहिलं. कोण येतं? मी हात वर केला. बोलायची जागा तीच होती.
खडू हातात आल्यावर मात्र आधी सोडवायला घेतलं. दुसरी ओळ लिहिताना शर्मिष्ठा मागून हळूच म्हणाली, दादा, मायनस.
मॅडम बघत होत्या.
मी पुसलं. मायनस लिहिला. उरलेल्या चार ओळी लिहून, काही न बोलता, जाऊन बसलो. तिच्या शेजारी.