माझ्यामागं तेजलकडं मागू नये

मी बयाबाई महिपती केदारी, वय ६६, राहणार कार्ले, तालुका मावळ, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून घेते. लिहिणाऱ्या यशोधराबाई शिक्षिका आहेत. भाषा त्यांची, राग माझा.

१. राहतं घर संदेश आणि पप्पू या मुलांना निम्मं निम्मं.

२. भावानं मला चोळीबांगडीत दिलेलं अकरा गुंठे भातखाचर नात तेजलला. ती माझ्या मयत लेकीची, अनिताची मुलगी. अनिताकडून हक्कसोडपत्रावर सही मीच घेतली होती, वडलांची जमीन तिच्या भावांकडं राहावी म्हणून. तिनं हसत केली. फार चुकलं माझं.

३. नऊ वर्षांमागं संदेशला मी किडनी दिली. त्याच्या वडलांची तपासणीसुद्धा झाली नाही, त्यांना शेत बघायचं होतं. त्याचं मला दुःख नाही, लेकरू जगलं. पण तीन वर्षांनी अनिताच्या किडन्या गेल्या. पप्पूची जुळत होती. मीच आडवी आले, "त्यो कंपनीत पाळ्या करतो, त्याला न्हाई जमायचं." अनिता म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई, चाललंय की डायलिसिसवर." दोन वर्षं ती सासरहून, नवलाख उंबऱ्याहून, एसटीनं तळेगावला एकटी जायची. मयत माणसाची किडनी मिळायच्या वेटिंग लिस्टमध्ये तिचं नाव घालायचं काम सासरनं आमच्यावर ढकललं, आम्ही सासरवर. नाव लागलंच नाही आणि पोरगी गेली.

४. आता संदेशची किडनी पुन्हा बंद पडत आलीय. गेल्या महिन्यात शिबिर आहे असं खोटं सांगून तेजलचं रक्त तपासलं. जुळतंय कळल्यावर घरात पेढे आले. संदेश, तू जगावंस म्हणून माझा जीव तुटतो. यादीत नाव घाल. पप्पू, तू सख्खा भाऊ आहेस, तू पुढं हो. भाचीची किडनी घ्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं कुणी सांगेल की तेजलनं द्यावी ही आजीची शेवटची इच्छा होती. माझी तशी इच्छा नाही. हा कागद तिथं दाखवावा.

५. तेजल, कमिटी तुला विचारेल, खुशीनं देतेस का? मलाही विचारलं होतं, मी व्हय म्हणाले. तुझ्या आईसाठी कुणाला कुणी विचारलंच नाही. तू न्हाई म्हण. मामा रडेल, घर बोलेल, तरी न्हाई म्हण बाळा.

वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं, म्हणून अंगठा दिला.

ठिकाण : कार्ले
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४
बयाबाई महिपती केदारी, डाव्या अंगठ्याचा ठसा

आमच्यासमोर अंगठा दिला :
१. गेणू बाळू येवले (सही)
२. चंपा गेणू येवले (सही)