पन्ह्याचे पातेले

६ एप्रिल
खोपटचे बिऱ्हाड मोडून आज कोपरला आलो. खोली हवेशीर असून समोरच्या अंगणात मुले खेळतात. निवृत्त शिक्षकाला आणखी काय हवे? दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून आईचे पितळी पातेले कल्हई करून घेतले. स्टीलमध्ये पन्ह्याला चव येत नाही, हे माझे ठाम मत आहे.

९ एप्रिल
आरोग्यसेविका कल्पिता येऊन गेली. वस्तीमागे जुन्या बॅटऱ्या फोडण्याची शेड होती. ती बंद झाली, तरी मातीतले शिसे मुलांच्या रक्तात उतरले आहे. तिचे माहितीपत्रक मी तपासले. अनुस्वार जागच्या जागी नव्हते. हात धुवावेत, धूळ ओल्या फडक्याने पुसावी, हे योग्यच. मध्येच मात्र एक वाक्य: कल्हईत शिसे असू शकते, त्या भांड्यात आंबट ठेवू नये. विषय मातीचा, अप्रस्तुत म्हणून ते वाक्य मी काढून टाकले. तुम्ही म्हणाल तसं, सर, म्हणाली.

२० एप्रिल
रविवारचा आरोग्यवर्ग माझ्याच खोलीत भरतो. हात धुऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाला पन्हे. शेजारच्या लक्ष्मीची लहानगी दिशा दुसरा पेला मागते आणि आजोबा, चिंगूसपणा नको हां, असे मलाच बजावते. लक्ष्मी हसून म्हणाली, पोरं तुम्हाला घाबरतान, पण पन्ह्यासाठी येतान.

११ मे
मुले किती शांत झाली! दिशा तर भिंतीला टेकून बसून राहते. माझ्या शिस्तीचा हा परिणाम.

१८ मे
दिशाच्या पोटात कळा येतात. पाठ झालेली बाराखडी ती विसरली. सर्वच मुलांच्या रक्तात शिसे वाढले आहे. माती उचलली, घरे स्वच्छ. मग येते कुठून, हे कल्पिताला उमगत नाही. माझ्याही मनगटात जोर उरलेला नाही.

२२ मे
कल्पिताने पातेले तपासून घेतले. कल्हईत शिसे. कैरीच्या आंबटपणाने ते पन्ह्यात उतरले. पत्रकात लिहिलं होतं ना मी, असे ती पुटपुटली. मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा कपाटात सरकवला.

२४ मे
दिशाला इस्पितळात नेले. लक्ष्मी पत्रक घेऊन आली. ओळीओळीवरून बोट फिरवत तिने विचारले की गुरुजी, भांड्याचं कुठं लिवलंय? माझीच नजर चुकली का?
मी हो म्हणालो.
हो म्हणालो.

२५ मे
वर्ग नाही. पातेले नाही. तरी मुले आली आहेत—रांगेत, निःशब्द. ओले हात पुढे. मीच शिकवले तसे.
रांगेत पहिली दिशा. पण दिशा तर इस्पितळात—
पेला पुढे केला आहे.
लक्ष्मीला सांगायला हवे. आत्ता. बोटे वळत नाहीत—लक्ष्मी, तुझी नजर चुकली नव्हती, ते वाक्य मी