देवाचं पाऊल

गुरुजी, परवा सकाळी नाटकाची मंडळी यायच्या आधीच मी हॉलवर गेलो. देवाचा पाय कप्पीवरून वर ओढला, दोर खिडकीच्या गजाला बांधला आणि त्याच्याखाली जाऊन बसलो. खाटेएवढा पाय आहे; आत लोखंडी सळ्या, वर कापड आणि रंग. हुडकेश्वरला आमच्या लेआउटच्या वसाहतीतले लोक दरवर्षी नाटक करतात. यंदा तुमचाच प्रसंग घेतला. बुटका बटू पडद्याआड जातो आणि वरून फक्त एक पाऊल राजाच्या डोक्यावर उतरतं. बाकीचा देव लोक मनानंच उभा करतात, हे तुम्ही शिकवलेलं. राजा माझी मुलगी झाली आहे. दोर माझ्या हातात असतो. तिला खालून काय दिसत असेल ते पाहावं म्हणून बसलो. देवाचं नाव घेऊ लागलो, तर ते राहिलं बाजूला आणि गजावरची गाठच पाहत बसलो.

तुम्ही शाळेच्या पटांगणात हाच प्रसंग बसवलात, तेव्हा राजा मी होतो. गाठ सुटते, मातीनं लिंपलेला तो पाय सुसाट खाली येतो आणि माझ्या डोक्यावर वीतभर अंतरावर थांबतो. दोर तुम्ही धरलेला असतो. तुमच्या तळव्यांची सालं निघालेली असतात. "काही झालं नाही गा," तुम्ही म्हणता, "उद्या गाठ पक्की मारू." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच बसलो, डोळे घट्ट मिटून. "पोराची भक्ती पाहा," असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं. गावानं ते खरं मानलं, हळूहळू मीही. पुढे देवाची ओढ खरोखर लागली. पण त्या दिवशी ती भक्ती नव्हती, गुरुजी. मला नाही म्हणता आलं नव्हतं.

परवाच तालमीत मी म्हटलं, पाय नको, सावली करू. दिव्याजवळ पुठ्ठ्याचं पाऊल धरलं की पडद्यावर मोठं होतं. मुलगी हसली. "काहून पण, बाबा? दोर तर नवाकोरा आहे. तुम्ही दोर धरून राहिले का देवाले धरून राहिले?" सगळे हसले, मीही हसलो आणि दोर धरला. पाऊल उतरू लागलं तशी तिनं मान झुकवली. तिच्या मानेवरचे बारीक केस दिसले. माझे तळवे घामानं ओले झाले आणि दोर बोटभर सरकला. कुणाला कळलं नाही. तिलाही नाही.

काल संध्याकाळी सगळ्यांसमोर मी पाय खाली उतरवला. "मले भीती वाटते," म्हणालो. आमचे दिग्दर्शक बँकेत असतात. ते म्हणाले, "मग दोर दुसऱ्याले देऊ ना, भाऊ." मी म्हटलं, "माझ्या पोरीच्या डोक्यावर कोणाचाच दोर नको." "झाला माझा सीन," असं म्हणून मुलगी स्कूटीवर निघून गेली. अजून बोलत नाही. मी कापड उसवलं, सळ्या सुट्या केल्या. मोडण्याआधी पायाला हात जोडले, तेही भीत भीतच.

आज सावली लावून पाहिली. पाऊल आभाळाएवढं होतं, पण दिव्याजवळ नेलं की कडा विरतात. देवाची बोटं ओळखू येत नाहीत. हे इथे कुणाला बोललो नाही. तुम्हाला लिहितो, कारण हा कागद कुठे धाडायचाच नाही.